बिनवासाचं तेल

नेमबाजीच्या क्लबात एअर रायफली दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना लहानथोर सगळे थेंबकाका म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणारासुद्धा "थेंबकाका आले का?" असंच विचारायचा. हे नाव पडलं त्यांच्या तोंडच्या एका वाक्यामुळे. "एक थेंब घाला. दुसरा घातलात तर बंदूक तुमची, मी हात लावणार नाही!"

तेलाचा विषय निघाला की मग काही खरं नसायचं. नवीन पोरं आली की त्यांना खोलीत उभं करून काका सुरू व्हायचे. ही बंदूक हवेवर चालते, बरं का. आत स्प्रिंग आहे, स्प्रिंगच्या पुढे पिस्टन, पिस्टनच्या तोंडाला वॉशर. घोडा दाबला की पिस्टन पुढे धावतो, हवा दाबली जाते, तापते, आणि छर्रा सुटतो. त्या तापलेल्या हवेत साधं तेल असेल तर ते पेट घेतं! धूर निघतो, धडाम आवाज होतो, छर्रा भलतीकडे जातो, वॉशर करपतो. म्हणून वॉशरला फक्त सिलिकॉनचं तेल. तेच सिलिकॉन स्प्रिंगला लावलंत तर लोखंडावर लोखंड घासून स्प्रिंग मरते, म्हणून स्प्रिंगला काळं ग्रीस, तेही बोटाने पुसून उरेल तेवढंच. सांध्याच्या खिळीला साधं बंदुकीचं तेल. नळीत काही नाही, कोरडी चिंधी फिरवायची आणि गप बसायचं. पोरं माना डोलवायची आणि बाहेर पडल्यावर काकांची नक्कल करायची. काकांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

काकांच्या टेबलावर डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या असायच्या. डावीकडच्या खाचेत सिलिकॉन, उजवीकडच्यात बंदुकीचं तेल. मोठ्या डब्यांतून ते स्वतः त्या भरायचे. बाटल्यांवर चिठ्ठी नव्हती. क्लबात शिकवणारे सर एकदा म्हणाले होते, "काका, नाव लिहून ठेवा की." काका भडकले. "नाव वाचून तेल ओळखायला मी काय दुकानदार आहे?" बाटली नाकाशी धरायची, एक हलका श्वास घ्यायचा, की झालं. बंदुकीच्या तेलाला वास असतो, सिलिकॉनला नसतो. तीस वर्षं त्यांनी असंच काम केलं होतं, आणि तीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला होता. आठवडाभर अंथरुणावर होते. ताप गेला आणि जाताना वासही घेऊन गेला. आधी त्यांना वाटलं, सर्दी असेल. महिन्याने वाटलं, येईल हळूहळू. तिसऱ्या महिन्यात त्यांनी साबण हुंगला, रॉकेल हुंगलं, बायकोच्या डोक्याचं तेल चोरून हुंगलं, आणि सगळं सारखंच निघालं. म्हणजे काहीच निघालं नाही. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. सांगणार तरी कसं? ज्याच्या नाकाची ख्याती सबंध क्लबात, त्याने जाऊन म्हणायचं की माझं नाक गेलं? ते बाटली नाकाशी धरत राहिले, श्वास घेत राहिले, मान हलवत राहिले. नुसतं नाटक! डावी बाटली डावीकडे आणि उजवी उजवीकडे आहे ना, मग बिघडतंय काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

क्लबात पंधरा वर्षांची एक मुलगी होती. अंगाने एवढीशी, म्हणून तिला सगळे बारकी म्हणत. तिची आई घरी कपडे शिवायची. वडील नव्हते. पोरगी मोठी गुणाची. उभी राहिली की हलायची नाही, आणि डोळा तर असा, की काका म्हणायचे, "हिला बंदूक नको, नुसतं बघितलं तरी छर्रा मधोमध जाईल." आंतरक्लब स्पर्धेत तिने बरे गुण काढले असते तर मोठ्या शिबिरासाठी तिचं नाव गेलं असतं. शिबिरात जागा होती एक. तिथे खाणं-राहणं, शिकवणं, पुढची सगळी वाट. तिच्या आईने त्यासाठी दोन वर्षं दिवस मोजले होते.

स्पर्धा रविवारी. शनिवारी दुपारी काकांनी बारकीची बंदूक उघडली. वॉशर जुना झाला होता, तो बदलला. त्याच आठवड्यात त्यांनी दोन्ही बाटल्या नव्याने भरल्या होत्या. एरवी बंदुकीचं तेल जरा पिवळसर यायचं. या खेपेला दुकानदाराने दुसरंच दिलं होतं, पाण्यासारखं स्वच्छ. काकांनी डावीकडची बाटली उचलली, सवयीने नाकाशी नेली, नवा वॉशर चोळला, सिलिंडरच्या आतूनही बोट फिरवलं. पहाटेच निघायचं म्हणून बंदूक त्या रात्री बारकीच्या घरी गेली.

रविवारी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पहिल्याच छर्र्याला धडाम! शेजारची पोरं दचकली. नळीच्या तोंडातून निळसर धूर आला. दुसरा छर्रा कागदाच्या वरच्या कडेला. तिसरा कागदाबाहेर. बारकी पंचांकडे बघायला लागली, पंच सरांकडे, सर बंदुकीकडे. तिला दुसरी बंदूक मिळाली, पण आता घोडा दाबण्याआधीच ती दचकून डोळे मिटत होती. यादीत ती शेवटून तिसरी आली.

सोमवारी सरांनी बंदूक काकांच्या टेबलावर आणून ठेवली. बारकी दाराशी उभी होती, आणखी चार-पाच पोरं आणि दोन पालक मागे. काकांनी बंदूक उघडली. नवा कोरा वॉशर काठाने काळा पडला होता.

सर वाकले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. "हे सिलिकॉन नाही. कसलातरी वास येतोय. काका, तुम्ही बघा बरं."

सगळे काकांकडे बघत होते. काकांनी पिस्टन उचलला, नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. आत काही गेलं नाही, नुसती हवा. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मशीनचं तेल."

"नक्की?"

"अहो, तीस वर्षं हेच करतोय. नक्की म्हणजे नक्की. शिलाई मशीनचं."

शिलाई हा शब्द कुठून आला, हे त्यांना पुढे कितीदा आठवूनही सांगता आलं नाही. कदाचित वर्षभरापूर्वी बारकीने आईच्या मशीनची तेलाची बाटली क्लबात आणून बंदुकीच्या खिळीला एक थेंब लावला होता, त्यामुळे. तेव्हा काकांनी तिला अर्धा तास झापलं होतं. खरं तर खिळीला ते तेल चाललं असतं, पण काकांना विचारलं नव्हतं ना! आता सगळ्यांनाच ते आठवलं. माना हळूहळू दाराकडे वळल्या.

"मी नाही टाकलं," बारकी म्हणाली.

"मग कुणी टाकलं? बंदूक रात्री तुझ्याच घरी होती," सर म्हणाले. "वॉशर नवीन होता, जरा सैल व्हावा म्हणून टाकलंस ना? खरं बोल."

"नाही सर. शपथ. मी पेटी उघडलीसुद्धा नाही."

"काका खोटं बोलतायत?"

तिने काकांकडे पाहिलं. काकांनी चिंधी उचलली आणि टेबल पुसायला घेतलं. खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांना मनापासून वाटत होतं की पोरीनेच टाकलं असणार. निदान तसं वाटावं म्हणून ते धडपडत होते.

मंगळवारी ते डावी बाटली डाव्या खिशात आणि उजवी उजव्या खिशात घालून घरी जेवायला गेले. जेवण झाल्यावर त्या-त्या हातात एकेक बाटली बायकोसमोर धरली. "जरा हुंगून सांग बरं, कशाला वास येतोय?"

बायकोने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हुंगलं. "या तुमच्या डाव्या हातातलीला येतोय की. चांगला उग्र आहे. या दुसरीला काही नाही."

काकांनी कुठली बाटली कुठल्या हातात आहे ते पुन्हा पाहिलं.

"उलटं व्हायला हवं होतं का?" बायकोने विचारलं.

"पुन्हा हुंग."

"दहादा हुंगलं तरी तेच येणार. अहो, तुम्हाला वास येत नाही, हे मला कधीचंच कळलंय. चुलीपाशी पेपर वाचत बसला होतात, दूध करपून घरभर धूर झाला, आणि तुम्ही पान उलटलंत! मी म्हटलं, सांगतील स्वतःहून. लाजताहेत तर लाजू दे."

"दुसऱ्या कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? पण त्या पोरीचं काय?" बायकोला क्लबातली गोष्ट कळली होती. असल्या गोष्टी कळायला वेळ लागत नाही.

"बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो! शनिवारपर्यंत वेळ आहे." काका उठले, हात धुतलेले असताना पुन्हा जाऊन धुतले. त्यांना कानापर्यंत गरम वाटत होतं. लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा रागही येत होता. शिबिराची यादी शनिवारी जायची होती. सरांनी ठरवलं होतं की बारकीला तीन महिने बंदूक नाही आणि यादीत नाव नाही.

बुधवारी ते सरांकडे गेले. सगळं सांगायचं असं रस्ताभर घोकत गेले होते. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण सरांच्या खोलीत दोन-तीन पालक बसलेले, आणि काकांच्या तोंडून निघालं भलतंच. "सर, पोर आहे. झालं गेलं. माफ करून टाका."

सर खुर्चीतून उठले. "बघा," ते पालकांना म्हणाले, "ज्यांच्या कामाची माती झाली, तेच माफ करा म्हणतायत. याला म्हणतात मोठं मन! पण काका, शिस्त म्हणून काही आहे की नाही? तुम्ही मधे पडू नका."

एका बाईंनी तर काकांना वाकून नमस्कार केला. काकांनी तो घेतला. हो, घेतला! "अहो, असू दे, असू दे," असंही म्हणाले. बाहेर येऊन ते हातपाय धुवायच्या नळापाशी गेले आणि चेहऱ्यावर पाणी मारत उभे राहिले. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. चुलीत गेलं ते मोठं मन, असं ते मोठ्याने म्हणाले. शेजारी बाटली भरणारा पोरगा घाबरून निघून गेला.

गुरुवारी सरांनी त्यांना बोलावून एक कागद पुढे केला. "हा अहवाल. बंदुकीचं नुकसान काय झालं ते खाली लिहा आणि सही करा. पोरीने कबुली दिली आहे, त्यामुळे आता प्रश्न नाही."

"कबुली?"

"हे काय, लिहूनच दिलंय."

वहीचं फाडलेलं पान होतं. अक्षर सुरेख. 'मी बंदुकीत शिलाई मशीनचं तेल टाकलं. मी खोटं बोलले. मला माफ करा. काकांनी किती वेळा सांगितलं होतं, तरी मी ऐकलं नाही.' खाली सही, आणि सहीखाली आईची सही.

काकांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. न केलेल्या गोष्टीची कबुली, तीही शिलाई मशीनच्या तेलासकट, त्यांच्याच तोंडच्या शब्दांत! त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"सर, मी टाकलं."

"काय?"

"तेल. वॉशरला. भरून ठेवताना बाटल्यांची अदलाबदल झाली. मला वास येत नाही. आठ महिने झाले, काही म्हणजे काही येत नाही. सोमवारी मी हुंगलं ते नाटक होतं. तुम्ही आधी म्हणालात वास येतोय, त्यावर मी ठोकून दिलं."

सरांनी कबुलीचं पान उचलून पुन्हा एकदा वाचलं. "आणि काल? काल माफ करा म्हणालात ते?"

"तेही."

"काका!" एवढंच म्हणून सर थांबले. ते चिडले असते तर काकांना सोपं गेलं असतं. पण सरांच्या तोंडावर राग नव्हता. आपण ज्याला मानलं तो माणूस हाच का, असं शोधत असल्यासारखे ते बघत होते. मग त्यांनी अहवाल फाडला, कबुलीचं पान घडी करून काकांच्या हातात दिलं. "परवा सकाळी ती पुन्हा नेम धरेल. पंचांशी मी बोलतो. बंदूक दुसऱ्या क्लबातून तपासून आणू. आणि तिच्या घरी तुम्ही जायचं. आत्ता. मी सांगणार नाही."

काका निघाले. आणि गंमत बघा माणसाच्या मनाची! चालता चालता त्यांना हलकं वाटायला लागलं. सांगून टाकलं एकदाचं. पोरीचं नुकसान टळलं. आता घरी जाऊन शुभवार्ता द्यायची, थोडं बोलणं खायचं, कान धरायचे, झालं. कोपऱ्यावर वळताना तर त्यांनी पायजम्याची धूळही झटकली.

बारकीची आई मशीनवर होती. खोलीभर चिंध्या आणि अर्धे शिवलेले सदरे. काकांना बघताच ती उठली, पाय घाईघाईने चपलेत सरकवले, खुर्चीवरचे कपडे उचलले आणि हात जोडले. "काका, तुम्ही कशाला आलात? मीच येणार होते. तुमच्या बंदुकीचा सत्यानाश केला हो हिने. तुम्हाला तोंड कसं दाखवू, तेच कळत नव्हतं."

"ताई, बसा आधी."

"नाही, तुम्ही बसा. मी ती तेलाची बाटली फेकून दिली. मशीन कोरडं चालतंय, चालू दे. घरात तेल नको आता."

काका बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ताप, नाक, बाटल्या, सोमवार, बुधवार. बुधवारचा नमस्कारसुद्धा गाळला नाही. बोलताना ते मशीनच्या चाकाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "तिची काही चूक नाही. परवा पुन्हा संधी आहे. मला काय बोलायचं ते बोला."

जोडलेले हात आईने हळूच खाली घेतले. मग खुर्चीवर बसली.

"मी हिला मारलं," ती म्हणाली. "सोमवारी घरी येऊन म्हणाली, आई, मी नाही टाकलं. मी म्हटलं, काका खोटं बोलतील का? तरी म्हणे नाही टाकलं. मग मी मारलं. तेल टाकलं म्हणून नाही हो. खोटं बोलते म्हणून. आजपर्यंत या पोरीवर कधी हात उचलला नव्हता. वडील गेले तेव्हापासून तर नाहीच. मंगळवारीही मारलं. तेव्हा कुठे तिने लिहून दिलं."

काकांच्या हातात घडी केलेलं पान होतं. ते द्यायचं होतं, पण कुणाकडे द्यायचं ते समजेना. परवाची संधी वगैरे त्यांनी मघाशी जे सांगितलं होतं, त्याची त्यांना आता शरम वाटायला लागली.

आतल्या दाराशी बारकी उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"बाळ," काका म्हणाले, "माझं चुकलं. फार चुकलं. तू खरं बोलत होतीस."

ती चिडेल, रडेल, दार आपटेल, असं त्यांना वाटलं. तिने यातलं काही केलं नाही. कपाळाला आठ्या घालून ती विचार करत राहिली, गणित अडल्यावर मुलं करतात तशी.

"काका, मला सोमवारी नीट आठवत होतं," ती सावकाश म्हणाली. "पेटी कोपऱ्यात होती. मी हात लावला नव्हता. मग तुम्ही हुंगलंत. मग आई म्हणाली. मग मी झोपताना रोज आठवायला लागले, की मी उठले असेन का, बाटली घेतली असेन का. मग मला दिसायलाच लागलं. मी पेटी उघडतेय, मी तेल टाकतेय. अगदी खरं दिसतं. आत्ताही दिसतंय."

"नाही गं, नाही. तू काही टाकलं नाहीस. मी टाकलं. या हाताने टाकलं."

"नक्की?"

"नक्की!"

तिने मान हलवली. काकांच्या हातातलं पान घेतलं, उघडलं, आपलंच अक्षर वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर काका तिथेच गुडघ्यावर बसले असते. पण ती नुसती विचारत होती, अगदी मनापासून.

"पण काका, सोमवारीही तुम्ही नक्कीच म्हणाला होतात ना?"

मग बारकीने आईकडे वळून हळूच विचारलं, "आई, तू सांग ना. मी नव्हतं ना टाकलं?"